हरणीची मुदत

पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्यानंच चहा पीत होतो. पोस्टमननं ते खिडकीच्या गजांतून आत टाकलं आणि ते कोपऱ्यातल्या गोणपाटावर पडलं. गोणपाट हरणीचं होतं. हरणी माझी कुत्री. तिला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि मी ते उचललं नव्हतं.

निळं आंतरदेशीय पत्र. जत तालुक्यातल्या एका वाडीचा शिक्का. अक्षर तिथल्या शाळेच्या गुरुजींचं, बोलणं बायाक्का मोटे नावाच्या धनगर बाईचं. तिनं मला एकच प्रश्न विचारला होता. हो किंवा नाही, एवढंच कळवायचं होतं. मी ग्रंथपाल होतो. वाचनालयात आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, असा माझा दंडक होता आणि त्यावरून शिपाई माझी चेष्टा करत. ते पत्र मी दोनदा वाचलं, घडीवर घडी घातली आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही.

ही गोष्ट १९८७ची. पण सुरुवात दोन वर्षं आधी, आई गेली तेव्हा झाली.

सांगलीत गावभागात आमच्या दोन खोल्या होत्या, तळमजल्यावर. मी एकेचाळीस वर्षांचा. लग्न झालं नव्हतं आणि होईल असं कुणी आता म्हणतही नव्हतं. माणसं घरी येऊन बसली की काय बोलावं ते मला सुचायचं नाही आणि ती गेली की जे दोन शब्द बोललो त्यांची लाज वाटत राहायची. आई होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज मला मोठा वाटायला लागला. खोलीत आणखी कुणाचा तरी श्वास असावा, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी कुत्रं आणायचं ठरवलं.

कुत्रं आणायचं म्हणजे काय करतात, हे ठाऊक नव्हतं. मग जे येत होतं ते केलं. वाचनालयातली तीन इंग्रजी पुस्तकं काढली, मुंबईहून आणखी दोन मागवली आणि आखीव वहीत तक्ता केला. उभ्या रकान्यात तेवीस जाती. आडव्या रकान्यांत घराचं आकारमान, घर बंद राहण्याचे तास, व्यायाम, भुंकणं, केस गळणं, अनोळखी माणसांशी वागणूक. प्रत्येकाला गुण. महिनाभर दुपारच्या सुट्टीत माझं हेच चालू होतं.

रसूल मुजावर आमचा जुना शिपाई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तो एक दिवस खांद्यावरून वाकून बघायला लागला.

"एवढं तर मी पोरीचं स्थळ बघताना बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

"चुकीचं जनावर आणलं तर त्याचे हाल होतील, रसूलभाई."

"आणि बरोबर आणलं तर?"

"तर ते सुखी होईल."

"आणि तुम्ही?"

तो रकाना तक्त्यात नव्हता. मी वही मिटली.

अल्सेशियन पहिल्या फेरीतच गेला. पॉमेरेनियन बराच वेळ पुढे होता, पण भुंकण्यात सगळे गुण घालवून बसला. सगळ्यात वर आला ग्रेहाउंड. मलाही आश्चर्य वाटलं. पण पाचही पुस्तकांचं एकमत होतं. हे कुत्रं धावायला जन्मलेलं असलं तरी दिवसाचा बराचसा वेळ ते झोपून काढतं, भुंकत जवळजवळ नाही, दोन खोल्यांत राहू शकतं, आणि शांत, एकांतात रमणाऱ्या गृहस्थाला त्याच्याइतका चांगला सोबती नाही.

"म्हणजे आपलं कारवानी," रसूल म्हणाला. "तसलंच असतं, उंच, बारीक कमरेचं. जतकडं धनगरांकडं मिळेल. पण साहेब, ते सशामागं पळणारं कुत्रं."

"पळून झालं की झोपतं, असं लिहिलंय."

"आणि पळायच्या आधी?"

एका रविवारी त्यानं मला एसटीनं जतला नेलं. तिथून पुढे एक ट्रक आणि मग माळावरून तासभर पायी. त्याच्या ओळखीचा मायाप्पा मोटे मेंढरं घेऊन एका रिकाम्या शेतात उतरला होता. वाघरीच्या जाळ्यात कोकरं, तीन दगडांची चूल, चुलीपाशी त्याची बायको बायाक्का. रसूलनं माझी ओळख करून दिली तेव्हा मायाप्पा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. पुढचं सगळं बायाक्कानंच बोलायचं असतं, हे तेवढ्यावरून कळलं.

मी दप्तरातून वही काढली. माझ्याकडे विचारायला अकरा प्रश्न होते. पिल्लाच्या आईचं वय, आजार, वगैरे. एकही विचारायला मिळाला नाही.

"घरात कोण कोण हाय?" बायाक्कानं भाकरी थापता थापता विचारलं.

"मी एकटाच."

"मालकीण?"

"नाही."

"आई-बा?"

"आई होती. या वर्षी गेली."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मग दिसभर घराला कुलूप."

"दुपारी जेवायला येतो. वाचनालय जवळच आहे. चारशे पावलं."

"चारशे," ती मायाप्पाला म्हणाली. तो हसला नाही, पण त्याची मिशी हलली. "पळतासा का कधी?"

"कोण, मी?"

"मग काय मी रसूलमामाला इचारतीया?"

"साहेब जिनासुद्धा कठडा धरून चढतात," रसूल म्हणाला.

"मग करतासा तरी काय सुट्टीच्या दिशी?"

"वाचतो."

"आनि वाचून झाल्यावर?"

वाचून झालं असं कधी झालंच नव्हतं. मी वही दप्तरात घातली आणि म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे कारवानी द्यायला नको. आम्ही निघतो."

बायाक्कानं मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग उठली, वाघरीपलीकडे गेली आणि एक पिल्लू मानेला धरून घेऊन आली. फिकट तांबूस रंग, पाय अंगाला न शोभण्याइतके लांब. ते तिनं माझ्या दप्तरावर ठेवलं.

"मागून मागून नेणारे लई बघितले," ती म्हणाली. "नको म्हननारा तुम्हीच पयला. पर ऐका मास्तर. आमी कुत्री इकत न्हाई, देतो. आनि दिली म्हंजी टाकली न्हाई. लेकीवानी असती ती. वरसानं मी येऊन बघनार. वाळली असंल तर परत आननार. चालतंय?"

चालतंय म्हणजे काय, मला तर फार आवडलं. हे कुत्र्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण माझं अवघं आयुष्य याच नियमावर चाललं होतं. पुस्तक घरी न्यायला द्यायचं, मुदतीनंतर बघायचं, नीट ठेवलं नसेल तर परत घ्यायचं. परतीच्या एसटीत पिल्लू माझ्या मांडीवर होतं आणि मी मनाशी तारीख मोजत होतो.

तक्ता बरोबर निघाला. हरणी सकाळी मला नदीकाठी घेऊन जायची, म्हणजे ती पुढे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी. घाटाजवळच्या वाळूत दोरी सोडली की एकदाच अशी सुसाट जायची की ती आता परत येत नाही असं मला वाटायचं, आणि एक वळसा घालून परत येऊन पायाशी बसायची. मग दिवसभर झोप. ती भुंकायची नाही. शेजारच्या वहिनींना तर महिनाभर पत्ताच नव्हता.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. एका संध्याकाळी एका प्रवासवर्णनातलं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्यानं वाचलं. कोपऱ्यातून हरणी उठली, आली आणि माझ्या खुर्चीला पाठ लावून बसली. मी गप्प झालो तशी वळून बघायला लागली. मी पुढचं वाक्य वाचलं. तिनं मान खाली ठेवली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दीड तास मी तिला वाचून दाखवायला लागलो. चरित्रं, प्रवासवर्णनं, एकदा हाताशी काही नव्हतं म्हणून नगरपालिकेचा वार्षिक अहवालसुद्धा. आयुष्यात मी कुणाशी इतकं बोललो नव्हतो. वाचनालयातही माझा आवाज वाढलाय, असं रसूल म्हणाला. "आता वाचकांनीच पाट्या लावाव्या, शांतता राखा," तो म्हणायचा.

वर्ष झालं त्या आठवड्यात मी हरणीला दोनदा आंघोळ घातली. मुदतीच्या दिवशी बायाक्का आली नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याचीही लाज वाटून घेतली. ती आली त्यानंतर पाच महिन्यांनी, घोंगड्या घेऊन बाजाराला आली होती तेव्हा. मायाप्पा बाहेर पायरीवरच बसला. ती आत आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

हरणीनं तिला ओळखलं. ती गोल गोल फिरली, बायाक्काचे हात चाटले आणि मग येऊन माझ्या खुर्चीपाशी बसली.

बायाक्कानं तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. पाय चाचपले. दोन्ही खोल्या बघितल्या, पुस्तकांची कपाटं बघितली. मी पाणी आणून दिलं ते प्यायली.

"वाळलीया," ती म्हणाली.

मीही वाकून हरणीच्या बरगड्या बघितल्या.

"नेऊ का हिला?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते आजही स्पष्ट आठवतं. नको, हा शब्द तोंडात तयार होता. पण ही बाई जन्मभर कुत्र्यांत राहिलेली. मी पाच पुस्तकं वाचलेला माणूस. ती वाळलीया म्हणते म्हणजे वाळली असणार. मला दिसत नसेल, कारण मला दिसावं असं वाटत नव्हतं. शिवाय असं आधीच ठरलं होतं. मुदत कधीच उलटून गेली होती. मी स्वतः कितीतरी वाचकांना सांगितलं होतं, पुस्तक आवडलं म्हणून ते ठेवून घेता येत नाही.

"न्या," मी म्हणालो.

बायाक्कानं तांब्या खाली ठेवला. दाराबाहेर मायाप्पाची पाठ ताठ झालेली मला दिसली.

"नेऊ म्हनता?"

"हो. तुमचं ठरलंच होतं तसं."

"मास्तर," ती जरा हळू म्हणाली, "आता तिसऱ्यांदा इचारतीया. नेऊ का हिला?"

मी दोरी खुंटीवरून काढली आणि तिच्या हातात दिली. दिली, ते बरंच केलं असं दाखवण्यासाठी हसलोही असेन. आत कपाटाच्या वर गूळ होता, पण पाहुण्याच्या हातावर काही ठेवावं, एवढंसुद्धा सुचलं नाही. हरणी दारापर्यंत गेली, थांबली आणि मागं बघायला लागली. मी पाठ फिरवून कपाटातली पुस्तकं सरळ करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रसूलला सांगितलं. त्यानं हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही नको म्हणायला हवं होतं, साहेब."

"मला तसा काय अधिकार?"

"अधिकार," तो म्हणाला आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला निघून गेला.

आणि दोन महिन्यांनी ते पत्र आलं. आजही ते माझ्यासमोर आहे. घड्यांवर निळा रंग उडालाय, पण अक्षर वाचता येतं.

"रा. रा. सोवनी मास्तर यांस नमस्कार. बायाक्का सांगतात तसं लिहितो. हरणीनं पहिले आठ दिवस खाल्लं नाही. आता खाते. मेंढरांमागं पळते, पायांत जोर आला आहे. आमच्या घरची रीत आहे. दिलेली कुत्री बघायला गेल्यावर वाळली म्हणायचं आणि नेऊ का म्हणून तीन वेळा विचारायचं. घरच्यांनी तीन वेळा नको म्हणायचं. मग गूळ खाऊन आपण परत यायचं. सासूबाईंच्या काळापासून असं चालू आहे. आजवर न्या असं कुणीच म्हटलं नव्हतं. हरणी वाळली नव्हती. तुम्ही न्या म्हणालात म्हणून आणावी लागली, तोंडातून गेलेलं परत घेता येईना. बायाक्का विचारतात, तुम्हाला ती नको होती का? नको असेल तर राहू द्या. हवी असेल तर कळवा, पुढच्या बाजाराला आणून सोडतो."

खाली गुरुजींनी स्वतःहून दोन ओळी घातल्या होत्या. "ता. क. हे माझं. शाळेत मुलं धडा मोठ्यानं वाचायला लागली की ही कुत्री दारात येऊन बसते. हाकलली तरी जात नाही. का, ते कळत नाही."

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. पण उत्तर लिहिण्याऐवजी मी पुन्हा तक्ता केला. एका बाजूला माझं घर, दुसऱ्या बाजूला माळ. मोकळी हवा, व्यायाम, सोबत, माहीत असलेली माणसं. माळाला एकोणीस गुण पडले, मला सात. मी तो तक्ता चार वेळा तपासला. त्यात चूक नव्हती. तिच्या भल्याचं तेच होतं आणि आता आपल्या सोयीसाठी तिला परत या दोन खोल्यांत आणणं हा स्वार्थ ठरला असता. असं बायाक्काला कसं लिहावं, ते जमेना. मजकूर जमेपर्यंत पुढचा बाजार होऊन गेला. मग उशिराबद्दल माफी मागणं आलं, तो मजकूर जमेना. पुढे पुढे तर, इतक्या महिन्यांनी पत्र बघून तिला काय वाटेल, याचीच भीती वाटायला लागली. मी जतच्या बाजूला पुन्हा गेलो नाही. निवृत्त झालो. रसूल गेला. दुसरं कुत्रं आणलं नाही. संध्याकाळी वाचतो, मनात.

गेल्या मंगळवारी पुतण्याच्या मुलीचा, मृण्मयीचा, पुण्याहून फोन आला.

"आबा, एक फॉर्म भरतेय," ती म्हणाली. "कुत्रं घ्यायचंय. तीस प्रश्न आहेत. उत्तरं भरली की तुमच्या राहणीला कुठली जात जमेल ते सांगतात. घर दिवसातून किती तास रिकामं असतं, विचारलंय. आम्ही दोघंही नऊ तास बाहेर. आठ लिहू?"

"नऊच लिही."

"तुम्ही कधी पाळलं होतं का हो?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं. मोठ्यानं, सलग, इतकं बोलायची सवय राहिली नव्हती, मधे दोनदा पाणी प्यावं लागलं. पत्र वाचूनही दाखवलं.

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"कळवलं नाही."

"का?"

मी तिला माळाचे एकोणीस गुण आणि घराचे सात सांगितले.

"पण आबा," ती म्हणाली, "हरणी कुठं बरी राहील, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. तुम्हाला ती हवी होती का, असं विचारलं होतं."

मी पत्रातली ती ओळ पुन्हा शोधली.

"म्हणजे त्या बाईंना अजून माहीतच नाही?"

मी फोन ठेवला. बायाक्का तेव्हाच पन्नाशीची असेल. वाडी त्या जागी आहे की नाही, मला ठाऊक नाही. हरणीचं काय झालं असेल, याचा हिशोब कुठल्याही पुस्तकातून काढता येतो. या जातीचं कुत्रं बारा वर्षं जगतं, फार तर चौदा.

बुधवारी सकाळी पोस्टात जाऊन आंतरदेशीय पत्र मागितलं. खिडकीतल्या मुलीला ते शोधायला वेळ लागला. घरी येऊन लिहिलं. मजकुरासाठी थांबलो नाही.

"बायाक्का, नमस्कार. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर कळवतो. हरणी मला नको नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हाही हवी होती आणि नंतर रोज हवी होती. रीत मला माहीत नव्हती, पण माहीत असती तरी नको म्हणण्याचं धाडस झालं असतं की नाही, सांगता येत नाही. मी तिला संध्याकाळी वाचून दाखवत असे. गुरुजींना सांगा, शाळेच्या दारात ती त्यासाठी बसत होती. जनार्दन सोवनी."

पत्त्यावर लिहिलं, बायाक्का मायाप्पा मोटे किंवा घरात जे कोणी असेल त्यांस.

चौकातल्या पेटीवर लिहिलं होतं, पत्रं चार वाजता काढली जातात. पत्र टाकलं तेव्हा साडेतीन झाले होते. घरी गेलो असतो तर माझ्या स्वभावाप्रमाणे दहा मिनिटांत परत आलो असतो आणि पत्र परत काढायला कुणाकडे तरी पेटीच्या किल्लीची चौकशी केली असती. म्हणून तिथंच पेटीशेजारी उभा राहिलो. सव्वाचारला मोटारसायकलवरून पोस्टाचा माणूस आला. त्यानं कुलूप काढलं. पेटीत चारच पत्रं होती, त्यांतलं एक निळं.

"काही चुकून टाकलंय का, आजोबा?" त्यानं विचारलं. "परत हवंय का?"

"नको," मी म्हणालो.

त्यानं पत्रं पिशवीत घातली, चेन ओढली आणि तो निघून गेला.